धोंडाबाईच्या राबातली बटणं

१

कपाटाची काच शाबूत होती. कुलूप शाबूत होतं. कुलपाखाली उषाबाईंनी चिकटवलेली ‘हात लावू नये’ ही पाटीसुद्धा जागच्या जागी होती. नव्हता तो फक्त कोट.

काळा, अल्पाका कापडाचा, पितळी बटणांचा कोट. आमच्या शाळेतल्या त्या कपाटात तो माझ्या आज्याच्या वेळेपासून घडी घालून ठेवलेला. घडी अशी, की समोरून छाती आणि बटणं तेवढी दिसावीत. तालुक्यात पहिल्यांदा इंग्रजी शिकलेल्या माणसाचा कोट, आणि तो माणूस म्हणजे अण्णासाहेबांचा पणजा कुशाबा, हे गावात शेंबड्या पोरालाही पाठ.

त्या काळी पुण्यात इंग्रजी शाळांचं पेव फुटलं होतं. एक सरकारनं काढली, एक पाद्र्यांनी, मग त्यांच्या नाकावर टिच्चून आपल्यातल्या शहाण्यांनी आणखी काढल्या. ज्याला चार ओळी इंग्रजी आली तो कचेरीत चिकटला. ज्याला नाही आली, त्याची जमीन त्याच कचेरीत इकडची तिकडं झाली आणि त्याला पत्ताही लागला नाही. अशा दिवसांत कुशाबा पौडवरून चालत पुण्याला गेला, इंग्रजी शिकून आला आणि त्यानं गावात शाळा घातली, असं गाव सांगायचं.

शाळा घालताना संस्थापकानं एकच अट घातली होती. दाराला कडी लावायची नाही. आलेलं पोर परत जाता कामा नये. गावानं ती अट देवाच्या नवसासारखी पाळली. वारा सुटला की दार आपटतं, शेळ्या आत शिरून फळ्याखाली बसतात, पण कडी नाही ती नाहीच.

गोष्ट दोन हजार सहा सालची. हिंजवडीच्या काचेच्या इमारती आमच्या टेकडीवरून दिसायला लागल्या होत्या, शेजारच्या चांदे गावापर्यंत प्लॉटिंगच्या पाट्या आल्या होत्या. पुण्याच्या एका संस्थेनं ठरवलं, की आमच्या मराठी शाळेच्या जागेवर इंग्रजी शाळा बांधायची. मराठी शाळा जूनपासून बंद. अण्णासाहेब स्थानिक अध्यक्ष. शाळेला नाव कुशाबाचं. अक्षय्य तृतीयेला पायाभरणी, आणि त्या दिवशी अण्णासाहेबांचा नातू वेदांत तो कोट अंगात घालून नाटकात कुशाबा होणार.

त्याच आठवड्यात कोट गेला. नाटकाच्या बाई, स्वरदा मॅडम, टेलरला घेऊन दुपार कलल्यावर आल्या, उषाबाई किल्ली काढत कपाटापाशी गेल्या, आणि काचेआड फक्त डांबराच्या गोळ्या.

मी, कोंडाजी, तिथंच ओट्यावर होतो. गावात माझी ख्याती थापाड्या म्हणून. म्हणून मी ओरडलो तेव्हा कुणी उठलं नाही. उषाबाई ओरडल्या तेव्हा सगळे उठले.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरं राखणारा शंभू धोंडाबाईच्या शेताकडून पळत आला. मुठीत पितळी बटणं. काळवंडलेली, पण तीच.

आमच्याकडं भात लावायच्या आधी राब भाजतात. रोपाच्या वाफ्यावर खाली शेण, त्यावर झाडाचा टहाळ, त्यावर गवत, आणि सगळ्यांवर बारीक मातीचा थर. मग पेटवायचं. मातीमुळं ते भडकत नाही, धुमसत राहतं. चैत्र-वैशाखात अख्खा मावळ असा धुमसत असतो, धुराला कुणी धूर म्हणत नाही. धोंडाबाईचा राब रचून तयार होता. तो जळला होता, आणि शंभू बांधावरून जाताना भाजल्या मातीच्या भेगेतून त्याला बटण चमकलेलं दिसलं.

धोंडाबाई म्हणजे गावाच्या डोळ्यातलं कुसळ. नवरा गेल्यावर तिनं शेत एकटीनं केलं, विकलं नाही, हा पहिला गुन्हा. हिंजवडीच्या रस्त्यावर टोपली घेऊन गावरान अंडी विकते, हा दुसरा. आणि पहिल्याच वर्षी राब पेटवताना तिनं नारळ स्वतःच्या हातानं दगडावर फोडला, हा सगळ्यात मोठा. बाईनं नारळ फोडायचा नसतो. आमच्या गावातल्या बायका अजून त्यावर बोलतात. तिनं ऐकून घेतलं आणि पुढच्या वर्षीही फोडला.

तिच्या सासरचा मूळपुरुष थोटा बहिरू. त्याचा डावा हात वाघानं नेला, असं मी पोरांना सांगायचो. बहिरूनं वाघाला इंग्रजीत शिवी दिली आणि वाघ लाजून हात तिथंच टाकून गेला, असंही सांगायचो. पोरं हसायची. त्यांचे आईबाप माझ्याकडूनच ऐकून हसले होते.

तर बटणं सापडली आणि गाव शाळेपुढं जमलं. अण्णासाहेब खुर्चीत बसले. पांढरे कपडे, पायात पांढरे बूट, जणू मातीशी सोयरीकच मोडलेली. म्हणाले, कारण उघड आहे. हिच्या नातीला शाळा घेणार नाही हे हिला आधीच ठाऊक होतं, म्हणून हिनं शाळेच्या संस्थापकाचा कोट जाळला. राब पेटवून सकाळच्या गाडीनं निघून गेली, म्हणजे संशय नको. शाळा सुटताना कोट काचेत होता, मी बघितला, असं मी म्हणालो, पण थापाड्याचं कोण ऐकतो.

नातीला घेतलं नाही, हे खरं होतं. सृष्टीला पहिलीत घालायचं म्हणून धोंडाबाई कोट गेला त्याच दिवशी तिला घेऊन संस्थेच्या हिंजवडीच्या हापिसात गेली होती. पोरीचा बाप नाही, आई एका कंपनीच्या उपाहारगृहात भांडी घासते, तिला सुट्टी मिळाली नाही. मुलाखत पोरीची असते असं धोंडाबाईला वाटलं होतं. ती निघाली आज्जीची. तिला खुर्चीत बसवून इंग्रजीत प्रश्न विचारले. ती म्हणाली, मला समजत नाही. समोरच्यानं मान हलवून पुढचं नाव पुकारलं. मराठी शाळा जूनमध्ये बंद, इंग्रजीत प्रवेश नाही, आणि पुढची शाळा डोंगरापलीकडं. सहा वर्षांच्या पोरीनं घरी बसायचं, एवढाच त्याचा अर्थ.

याच अण्णासाहेबांच्या मांडीला मांडी लावून संस्थेचे निषाद सर ग्रामसभेत बोलले होते, की संस्थापकाच्या वंशातल्या मुलांना मुलाखत नाही, कायमचा प्रवेश. म्हणजे वेदांतला. टाळ्या आम्हीच वाजवल्या होत्या.

अण्णासाहेबांनी फैसला दिला. पायाभरणीच्या दिवशी सगळ्यांसमोर नाक घासून माफी माग, नाहीतर पौडला पोलिसांत देतो.

धोंडाबाई म्हणाली, “मी न्हाई जाळला. आन् जाळला असता तर तुमच्या दारात जाळला असता, माझ्या वाफ्यात कशाला?”

कुणीतरी थुंकलं. कुणीतरी ‘चोर ती चोर’ म्हणालं. ज्या बायकांना तिनं उधारीवर अंडी दिली होती, त्यांनी पदर तोंडाला लावले. मला राग धोंडाबाईच्या बाजूनं आला की गावाच्या विरुद्ध, ते तेव्हा कळलं नाही. आला एवढं खरं.

गावची पोलीसपाटील रजनी पुढं झाली. पाटीलकी सासऱ्यांची होती, ती परीक्षा देऊन हिनं मिळवली. तिनं अण्णासाहेबांकडं पायाभरणीपर्यंतची मुदत मागितली. मग बटण बोटांत फिरवत माझ्या कानाशी आली.

“नाना, ह्यो राब धोंडाबाईनं पेटिवलेला न्हाई. चला शेतात.”

३

शेतात जायच्या आधी ती तिघांना भेटली. मी बरोबर होतो. माझ्यासमोर लोक मोकळं बोलतात. थापाड्या ऐकून कुणाला सांगणार, आणि सांगितलं तरी खरं कोण मानणार.

पहिले निषाद सर. अकोल्याकडचे, आधी कुठल्याशा कंपनीत होते, आता शिक्षणात. बोलताना निम्मे शब्द इंग्रजी आणि उरलेले घाईत. त्यांना कोट हवा होता हे त्यांनी लपवलं नाही. संस्थेच्या पुण्याच्या इमारतीत काचेत ठेवायचा होता, त्याची जुनी परंपरा दिसली असती. अण्णासाहेबांनी नकार दिला होता. रजनीनं विचारलं, धोंडाबाई त्या दिवशी किती वेळ तुमच्या हापिसात होती? सरांनी खिडकीबाहेर बघितलं. सकाळपासून दुपारपर्यंत रांगेत बसवून ठेवली होती म्हणे. मग हे काल सगळ्यांसमोर का नाही सांगितलं? तर ‘लोकल मॅटर’मध्ये संस्था पडत नाही.

रजनीनं चहा घेतला नाही. मी घेतला, कारण राग एकीकडं आणि चहा एकीकडं.

दुसऱ्या उषाबाई. सोलापूरकडच्या, सतरा गावं फिरून आमच्याकडं मुख्याध्यापिका झालेल्या. त्यांच्या शाळेवरच वरवंटा फिरणार होता. कोट गेला ते बरं झालं, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. त्यामुळं मला त्यांचा संशय आला, आणि लगेच गेलाही. चोर असं म्हणत नाही. कपाटाच्या किल्ल्या दोनच. एक त्यांच्या पर्समध्ये, आणि त्या दिवशी शाळा सकाळची सुटल्यावर त्या टेलर यायच्या वेळेपर्यंत पर्ससकट पौडला पंचायत समितीत होत्या. दुसरी किल्ली शाळा समितीच्या अध्यक्षांकडं.

“म्हणजे अण्णांकडं,” रजनी म्हणाली.

“त्यांच्या देवघरात, खुंटीला. मीच दिली होती.”

तिसऱ्या स्वरदा मॅडम. पोरगी चांगली होती, फक्त तिला सगळं सुंदर वाटायचं. शेणाचा वासही. आदल्या दिवशी तिनं उषाबाईंकडून कपाट उघडून घेतलं होतं, कोट उलगडून बघितला होता आणि परत तसाच घडी करून ठेवला होता. मग अण्णासाहेबांकडं सगळे चहाला जमले होते. तिथं ती काय बोलली, ते रजनीनं तिला दोनदा सांगायला लावलं.

“मी म्हटलं, कोट छान आहे, पण टेलरला बोलवावं लागेल. डावी बाही अर्ध्यातच दुमडून शिवून टाकली आहे, घट्ट. वेदांतचा हात कसा जाणार त्यात? उसवून, खाली दुसरं कापड जोडून पुरी करून घेते.”

“आन् चहाला कोण कोण व्हतं?”

“अण्णासाहेब, निषाद सर, उषाताई. वेदांत खेळत होता. आणि घरातल्या आजी होत्या. झोपाळ्यावर, तांदूळ निवडत.”

बाहेर पडल्यावर रजनीनं मला विचारलं, वाघाची ती गोष्ट नाना, तिच्यात खरं किती?

मी म्हणालो, वाघ खोटा. हात खरा. बहिरू पोरसवदा असताना खडकवासल्याच्या धरणावर कामाला होता. सुरुंग लवकर उडाला.

“कोणचा हात?”

मी माझा डावा हात वर केला.

४

शेतात पोहोचेपर्यंत मी अण्णासाहेबांना मनात फाशी देऊन मोकळा झालो होतो. थोट्या माणसाचा कोट. म्हणजे कुशाबाचा नाहीच. बहिरूचा. इंग्रजी शिकलेला पहिला माणूस बहिरू, शाळा घालणारा बहिरू, कडीची अट बहिरूची. आणि संस्थापकाचा वंश म्हणजे वेदांत नाही, सृष्टी. चहाच्या पेल्यावर अण्णासाहेबांना ते उमगलं, त्यांनी देवघरातली किल्ली काढली, कोट काढला, आणि जिच्या वंशाचा तो होता तिच्याच माथी मारला. मी रजनीला म्हणालो, आता काय राहिलं? चल, पौडला फोन लाव.

ती वाकून राख बघत होती.

“नाना, वारा कुणीकडनं असतो दुपारचा?”

पश्चिमेकडनं, डोंगरावरनं. राब पेटवला होता तो पूर्वेच्या कडेनं, वाऱ्याच्या उलट अंगानं. तसाच पेटवायचा असतो, म्हणजे आग वाऱ्यावर पळत नाही, सावकाश मागं सरकते. बटणाची ती भेग सोडली तर मातीचा थर कुठं फुटलेला नव्हता. एके ठिकाणी तो उकरून, कोट खाली घालून, परत हातानं सारखा थापला होता. नवख्याचं काम नव्हतं. निषाद सर आणि स्वरदा मॅडम माझ्या संशयातून सुटले. उषाबाई तर सोलापूरच्या, तिकडं ज्वारी.

“अण्णा करतील असं?” मी म्हणालो. “त्यांनी पंधरा वर्षांत वाफ्यात पाय घातला न्हाई, पर लहानपणी केलंच आसंल.”

रजनी वाफ्याच्या ईशान्य कोपऱ्यात गेली होती. तिथं हळदकुंकू वाहिलेलं, आणि मातीत बसवलेला एक नारळ. शेंडी डोंगराकडं. आगीची धग लागून एका बाजूनं करपलेला. राबाला नारळ देतात, त्यात नवल नव्हतं. शेजारच्या वाफ्यांच्या कडेलाही करवंट्या पडलेल्या होत्या. मी कितीतरी वेळ त्या नारळाकडं बघून म्हणालो, की चोर मोठा भाविक दिसतो, चोरी करतानाही देवाला विसरला नाही.

“चोरी करताना न्हाई नाना,” रजनी म्हणाली. “राब पेटविताना. हात आपसूक जातो. तुमी जेवाया बसल्यावर चित्राहुती घालता का न्हाई? तसं.”

तिथून आम्ही अण्णासाहेबांच्या घरी गेलो. ते नव्हते, मांडववाल्याशी भांडायला गेले होते. झोपाळ्यावर त्यांच्या आई, गंगूबाई. ऐंशीच्या पुढच्या, पण पाठ ताठ, आणि शेताची कामं सून आल्यावरही त्यांनी सोडली नव्हती. रजनीनं देवघरातली खुंटी बघितली. किल्ली होती. तिनं गंगूबाईंना विचारलं, की त्या दिवशी दुपारी अण्णा कुठं होते.

“पुण्याला. कोनशिला आणाया. त्याचा नातू बी बरुबर. रातच्याला आले.”

“आन् तुमी, आत्याबाई?”

“मी पिंपळाला पाणी घालाया. रोजच जाते.”

पिंपळ शाळेच्या मागं. शाळेला कडी नाही.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, अण्णा पुण्याला होता म्हणजे माझी फाशी फुकट गेली. रजनी म्हणाली, उद्या पायाभरणीला लवकर या. आणि एकदा तरी खोटं बोलू नका.

५

मांडव असा घातला होता, की शाळेचं जुनं दार झाकलं जावं. कोनशिलेवर कुशाबाचं नाव सोनेरी, वर इंग्रजी, खाली बारीक मराठी. स्पीकर किंचाळत होता. धोंडाबाईला पुढं जमिनीवर बसवलं होतं, माफी मागायला. मांडीवर सृष्टी, इस्त्रीचा फ्रॉक घालून. त्याच फ्रॉकमध्ये तिला मुलाखतीला नेलं होतं.

भटजींनी अण्णासाहेबांच्या हातात नारळ दिला. रजनी मध्ये आली. म्हणाली, घरातलं वडील माणूस असताना मान त्यांचा. आत्याबाईंच्या हातानं होऊ दे. माणसं म्हणाली, बरोबर आहे. अण्णासाहेबांना सभेत आईचा मान नाकारता येईना. त्यांनी नारळ आईच्या हातात ठेवला.

गंगूबाई उठल्या. कोनशिलेसमोर दगड मांडला होता, नारळ फोडायला. त्यांनी दगडाकडं बघितलंही नाही. खाली वाकल्या, हळदकुंकू वाहिलं, मातीत बोटांनी खळगा केला आणि नारळ अख्खाच बसवला. शेंडी डोंगराकडं.

रजनीनं माईक हातात घेतला.

“आत्याबाई, धोंडाबाईच्या वाफ्यात बी आसाच ठेवला व्हता ना?”

स्पीकरमुळं ते डोंगरापर्यंत गेलं. मग रजनीनं सगळं सांगितलं, न ओरडता. राब वाऱ्याच्या उलट अंगानं पेटवला होता, म्हणजे राब जाणणाऱ्याचं काम. पुरुष असता तर नारळ फोडला असता, शेजारच्या वाफ्यांवर करवंट्या आहेत तशा. नारळ अख्खा, म्हणजे बाई. आणि गावात राब जाणणारी एकच बाई नारळ स्वतः फोडते, तिला त्यासाठी तुम्ही सगळ्यांनी नावं ठेवली. ती धोंडाबाई. म्हणजे तिचा हात नाही. उरली ती, जिनं चहाच्या वेळी बाहीचं बोलणं ऐकलं, जिच्या देवघरात किल्ली असते, आणि जी दुपारी शाळेमागं जाते.

अण्णासाहेब माईक हिसकायला धावले. म्हणाले, बाही? कसली बाही? आणि मला त्यांच्या तोंडाकडं बघून कळलं, की त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. हा माणूस जन्मभर परक्या कोटाच्या मोठेपणावर जगला आणि त्याला माहीतही नव्हतं. त्यानं माझा राग कमी झाला नाही.

स्वरदा मॅडमनं उभं राहून सांगितलं, की डावी बाही कोपरापाशी शिवून बंद केलेली होती. मग गावातली म्हातारी माणसं एकमेकांकडं बघायला लागली. थोटा बहिरू. प्रत्येकाला नाव ठाऊक होतं. मी त्याला हसण्यावारी नेला होता, आणि त्यांनी त्याला तिथंच ठेवला होता.

“आये, गप बस,” अण्णासाहेब म्हणाले. ती तर अजून बोललीही नव्हती.

“साठ वर्सं गप हाय,” गंगूबाई म्हणाल्या.

६

सासूनं मरताना त्यांना सांगितलं होतं. कुशाबाला बापानं पुण्याच्या इंग्रजी शाळेत घातलं, आणि डबा वाहायला, कपडे धुवायला बरोबर घरचा गडी बहिरू दिला. एका हातानं नांगर धरता येत नाही, म्हणून शेतावर त्याचा उपयोग नव्हता. कुशाबा वर्गात बसायचा कमी आणि तमाशाच्या फडात जास्त. बहिरू खिडकीखाली डबा घेऊन उभा असायचा. उभ्या उभ्या शिकला. एक दिवस मास्तरांनी प्रश्न विचारला आणि उत्तर खिडकीबाहेरून आलं. मास्तरांनी त्याला आत घेतलं, अंगावरचा जुना कोट दिला. शिंप्यानं एक बाही शिवून बंद केली.

परत आल्यावर कुशाबानं फेटा बांधला आणि बहिरूनं पोरं जमवली. नांगर एका हातानं धरता येत नाही, पण लेखणी येते, असं तो म्हणायचा. शाळा त्यानं स्वतःच्या वाट्याच्या तुकड्यावर घातली. तो गेल्यावर कोट शाळेत राहिला आणि नाव वाड्यावर गेलं. गड्याचं नाव कोण घेणार?

“कोट आमचा न्हाई,” गंगूबाई म्हणाल्या. “त्या पोरीनं बाही उसवून पुरी करते म्हणल्यावर माझ्या जिवाला लागलं. मेल्या मान्साला आता दुसरा हात बी खोटा लावायचा? आन् न उसवता मांडवात दाखवला तर घराची अब्रू गेली. म्हणून त्याचा त्याला देऊन टाकला. त्याच्या मातीत.”

मांडवात काही बायका डोळे पुसायला लागल्या. मी नाही पुसले. मला त्या म्हातारीचाही राग आला, सगळ्यांत जास्त तिचाच. मेलेल्याला मान दिला आणि जितीला चोर म्हणवून घेऊ दिलं. धोंडाबाईवर गाव थुंकत होतं तेव्हा ही झोपाळ्यावर तांदूळ निवडत होती. घराची अब्रू म्हणतात ती अशी, दुसऱ्याच्या अंगावर वाळत घातलेली.

निषाद सर चटकन पुढं आले. हसत. म्हणाले, गैरसमज दूर झाला, सृष्टीचा प्रवेश पक्का, मुलाखत नाही, शाळेला बहिरूंचं नाव देऊ, उलट स्टोरी आणखी चांगली आहे. पूजा पुढं चालू करू या, मुहूर्त टळतोय.

धोंडाबाई तोवर बसलेलीच होती. ती उठली. सृष्टीला तिनं खाली उभं केलं आणि गंगूबाईंच्या समोर गेली.

“आत्याबाई, माझ्या सासऱ्याच्या आज्याला तुमी अग्नी दिला. व्हय ना?”

“दिला.”

“मग सुतक बी तुमीच धरा. तुमच्या घरानं. दहा दिस शुभकार्य न्हाई.”

अण्णासाहेब भटजींकडं बघायला लागले. भटजी पंचांगात बघायला लागले, आणि पंचांग त्यांनी उलटं धरलं होतं. मागं कुणीतरी हसलं. मग आणखी कुणीतरी. ते हसू चांगलं नव्हतं. त्याच माणसांनी दोन दिवस तिला चोर म्हटलं होतं.

निषाद सर म्हणाले, आजी, पण सृष्टीची सीट.

“एकीची नगं,” धोंडाबाई म्हणाली. “तुमच्या शाळेला फाटक असणार, वॉचमन असणार. बहिरूच्या दाराला कडी न्हाई. कडी न लावता बांधायची असंल तर बांधा. तेवढं इंग्रजीत लिवून द्या, मला वाचता येत न्हाई पर उषाबाई वाचतील.”

सरांनी फोन कानाला लावला आणि मांडवाबाहेर गेले. ते परत आत आलेच नाहीत.

धोंडाबाईनं गंगूबाईंनी पुरलेला नारळ उपटला. माती झटकली. सोनेरी अक्षरांच्या कोनशिलेवर, कुशाबाच्या नावाच्या बरोबर मध्यावर, एका घावात फोडला. पाणी अक्षरांवरून ओघळलं. पहिला तुकडा सृष्टीच्या हातात दिला. यंदा कुणी नावं ठेवली नाहीत. ठेवली असती, तर मी त्यांची गोष्ट केली असती आणि ती तीन पिढ्या चालली असती. ते त्यांना ठाऊक होतं.

संस्थेनं शाळा बांधली, पण चांद्याच्या रस्त्याला, दुसऱ्याच्या जमिनीवर. फाटक आहे, वॉचमन आहे, बस पिवळी आहे, वेदांत तिकडंच गेला. जागा कुणाला नको म्हटल्यावर आमची मराठी शाळा बंद झाली नाही, आणि जूनला सृष्टी तिथंच पहिलीत बसली. इंग्रजी उषाबाई शिकवायच्या. पोरगी खिडकीपाशी बसायची. कपाटात आता कोट नाही, आणि बटणं परत ठेवा असं मी सुचवलं, तर धोंडाबाई म्हणाली, कशाला, शाळा हाय की.

माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका, मी बदनाम आहे. खोटं वाटत असेल तर कधीही या आणि शाळेचं दार ढकलून बघा.